निपाणी-बेळगावातून ऑनर्स करायचं तर आठ सेमिस्टरचा हिशेब कसा मांडावा

निपाणीत घर असलेल्या मुलासमोर बारावीनंतर दोन कॉलेजं सहज येतात. एक गावातलंच के.एल.ई.चं बागेवाडी कॉलेज, राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेलं. दुसरं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज. ते निपाणीला चिकटूनच आहे, पण तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि विद्यापीठ शिवाजी. सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरात पदवीचे दोन निरनिराळे आराखडे चालतात. कर्नाटकाच्या बाजूला २०२४ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली आहे, तर महाराष्ट्राच्या बाजूला तीन वर्षांवर चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. बेळगाव, खानापूर, चिकोडी या पट्ट्यातल्या मुलांना हा पेच कमी-जास्त प्रमाणात पडतोच, कारण चंदगड, हलकर्णी, गडहिंग्लज, कोल्हापूर हे सगळं एसटीच्या टप्प्यात आहे.

आणि चौथ्या वर्षाचा विचार बहुतेक जण तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर करतात. तोवर उशीर झालेला असतो. ऑनर्सची मांडणी पहिल्या सेमिस्टरपासून सुरू होते. माइनर, म्हणजे जोडविषय कुठला घेतला, दुसऱ्या वर्षी टक्के कुठे होते, विभागात गाइड कोण आहे, यावरच चौथं वर्ष उभं राहतं. म्हणून ॲडमिशनच्या आधीच एक कागद घेऊन बसावं.

आधी साल बघा, मग कॉलेज

कर्नाटकाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२१-२२ मध्येच लागू केलं आणि चार वर्षांचा ऑनर्स आणला. पुढे सरकार बदललं, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याच्या स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अंतरिम अहवालावरून मे २०२४ मध्ये तीन वर्षांची पदवी परत आणण्याचा आदेश निघाला. २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांना तो लागू झाला. मधल्या तीन बॅचना, म्हणजे २०२१, २०२२ आणि २०२३ साली प्रवेश घेतलेल्यांना, चौथं वर्ष ऐच्छिक ठेवलं. मोठ्या भावाने बेळगावात ऑनर्स केलं म्हणून धाकट्यालाही ते मिळेल असं धरून चालू नका. दोघांचे नियम वेगळे.

महाराष्ट्रात उलट घडलं. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा आराखडा आला. त्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करता येतं.

मग कर्नाटकातल्या मुलाचं नुकसान झालं का? मला तसं वाटत नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर मास्टर्स दोन वर्षांचं असतं. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर ते एका वर्षात करण्याची सोय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने ठेवली आहे. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, बेरीज पाचच. फरक पडतो तो दोन ठिकाणी. चार वर्षांच्या पदवीला किमान ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करताही पीएच.डी.च्या प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग, आर्थिक दुर्बल गटांना त्यात ५ टक्के सूट आहे. आणि परदेशात जिथे मास्टर्सला सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, तिथे चौथं वर्ष उपयोगी पडतं. केपीएससी, एमपीएससी, यूपीएससी, बँका यांना साधी पदवी पुरते. ज्याचं लक्ष तिकडे आहे त्याने चौथ्या वर्षाच्या फीचे पैसे आणि वेळ वाचवावेत, हे मी स्पष्ट सांगेन. ‘ऑनर्स’ हा शब्द लग्नपत्रिकेत छान दिसतो, त्यासाठी एक वर्ष देऊ नये.

क्रेडिटचा तक्ता वाचायला शिका

प्रॉस्पेक्टसमध्ये जो रंगीत तक्ता असतो तो पालक उलटून टाकतात. तोच वाचायचा असतो. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात वर्गातले साधारण १५ तास. प्रॅक्टिकल, फील्डवर्क असेल तर एका क्रेडिटला ३० तास. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर हा ६० तासांचा, आठवड्याला चार तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकलसुद्धा ६० तासांचंच. बी.एस्सी.ला जाणाऱ्या मुलाचा दिवस बी.ए.च्या मुलापेक्षा लांब का असतो ते इथे कळतं. खानापूर किंवा जांबोटीकडून बसने ये-जा करणाऱ्याने टाइमटेबलमधले दुपारनंतरचे प्रॅक्टिकल आणि परतीची गाडी हे दोन्ही ॲडमिशनच्या आधी जुळवून बघावं.

सेमिस्टरला साधारण २० क्रेडिट. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्राने सेमिस्टरला २० ते २२ धरले, त्यामुळे तिथे तेच आकडे १२० ते १३२ आणि १६० ते १७६ असे दिसतात. १६० ची फोड अशी:

मेजर, म्हणजे मुख्य विषय: ८० (तीनच वर्षं केली तर ६०)
माइनर, जोडविषय: ३२ (तीन वर्षांत २४)
इतर शाखांचे विषय: ९
भाषा: ८
कौशल्याचे विषय: ९
मूल्यशिक्षण, पर्यावरण वगैरे: ६ ते ८
इंटर्नशिप: २ ते ४
चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प: १२

महाराष्ट्राच्या तक्त्यात यात आणखी नावं दिसतील: भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग, समाजसहभाग प्रकल्प. नावांनी घाबरू नका. कुठला रकाना मेजरमध्ये मोजतात आणि कुठला बाहेर, एवढं विभागप्रमुखांकडून पेन्सिलने लिहून घ्या.

या फोडीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चौथ्या वर्षात मेजरचे २० आणि माइनरचे ८ क्रेडिट वाढतात, प्रकल्पाचे १२ वेगळे, झाले ४०. किरकोळ विषय तोवर संपलेले असतात. म्हणजे चौथं वर्ष जवळजवळ पूर्ण आपल्याच विषयाचं. ज्याला तीन वर्षांत त्या विषयाचा कंटाळा आला, त्याला तिथे पळवाट नाही.

मेजर आणि माइनर: इथे वेळ घालवा

मेजर बहुतेकांचं ठरलेलं असतं. चुकतं ते माइनर. मैत्रीण घेते म्हणून, त्या मॅडम मार्क सैल देतात म्हणून, किंवा टाइमटेबलमध्ये सकाळी बसतं म्हणून माइनर घेतला जातो. ३२ क्रेडिट म्हणजे पदवीचा पाचवा हिस्सा, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नसतं. शिवाय यूजीसीच्या पदव्युत्तर आराखड्यात मेजरप्रमाणे माइनर विषयातूनही मास्टर्सला जाण्याची वाट ठेवलेली आहे. म्हणजे माइनर हा दुसरा दरवाजा आहे. तो भिंतीवर उघडणारा नको.

समजा निपाणीच्या एका मुलीला इतिहासात ऑनर्स करायचं आहे. माइनरसाठी तिच्यासमोर मराठी, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र आहे. तीन प्रश्न विचारून बघू.

चौथ्या वर्षी ती कशावर काम करेल? आपल्या भागात विषयांना तोटा नाही. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन आहे, विड्या वळणाऱ्या बायकांच्या आठवणी आहेत. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात झालेलं साहित्य संमेलन आहे, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर शाळांची माध्यमं कशी बदलली हा प्रश्न आहे. तंबाखूचे भाव आणि व्यापार तिला खुणावत असेल तर अर्थशास्त्र. संमेलनं, वृत्तपत्रं, शाळा यांकडे ओढा असेल तर मराठी. सीमाप्रश्न, निवडणुका, नगरपालिका यात रस असेल तर राज्यशास्त्र.

दुसरा प्रश्न कोरडा आहे, पण तोच निर्णायक ठरतो. तो माइनर चौथ्या वर्षापर्यंत त्याच कॉलेजात चालतो का? पहिल्या दोन वर्षांत शिकवायला सर आहेत, पुढे ‘बघू’ म्हणतात, तर तो माइनर घेऊ नका.

तिसरा, बारावीला काय होतं? इतर शाखांच्या ९ क्रेडिटमध्ये बारावीला शिकलेलाच विषय पुन्हा घ्यायला यूजीसीने मनाई केली आहे. बारावीला अर्थशास्त्र झालं असेल तर ते माइनर म्हणून घेता येईल, पण ९ क्रेडिटच्या रकान्यात भरता येणार नाही. हे फॉर्म भरताना लक्षात राहत नाही आणि मग दुसऱ्या सेमिस्टरला विषय बदलायची धावपळ होते.

मेजर चुकलंच तर पहिल्या वर्षाअखेरीस बदलायची मुभा आहे. त्यानंतर ते महागात पडतं, कारण झालेले क्रेडिट नव्या मेजरमध्ये मोजले जातीलच असं नाही.

भाषेबद्दल एक. सीमाभागातल्या मुलाला मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा कमी-अधिक येतात आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. संशोधनात हेच भांडवल आहे. १९५६ पूर्वीचे मुंबई राज्यातले बरेच कागद इंग्रजी-मराठीत, नंतरचे बरेच कन्नडमध्ये. दोन्ही वाचू शकणारा विद्यार्थी पुण्यातही सहज सापडत नाही. महाराष्ट्रातल्या कॉलेजात गेलात म्हणून कन्नड सोडू नका. वाचता येत नसेल तर कौशल्याच्या किंवा ऐच्छिक क्रेडिटमध्ये तेवढं बसतं का बघा, नाहीतर घरी शिका. अक्षरं ओळखायला एक मे महिन्याची सुट्टी पुरे.

बाकीचे रकाने

कौशल्याचे, मूल्यशिक्षणाचे विषय वेळेवर उरकावेत. त्यांना कमी लेखायचं कारण नाही, पण त्यांवर रात्री जागवायचंही कारण नाही. ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन कोर्स करून क्रेडिट मिळवता येतात. यूजीसीने एकूण ४० टक्क्यांपर्यंत मुभा दिली आहे. पण कुठला कोर्स कुठल्या पेपरच्या जागी चालेल हे कॉलेज ठरवतं. आधी परवानगीचा अर्ज, त्यावर सही, मग नोंदणी. उलट क्रमाने गेलात तर सर्टिफिकेट भिंतीवर लावावं लागेल.

इंटर्नशिप मात्र नुसती सहीशिक्क्याची करू नका. उद्यमबागमधला कारखाना, एखादी पतसंस्था, मराठी दैनिकाची कचेरी, बाजार समिती: बेळगावात जागा भरपूर आहेत. जिथे रोज काहीतरी लिहून ठेवता येईल अशी जागा निवडा, त्यातूनच पुढे प्रकल्पाचा विषय निघतो.

सत्राचा कागद

आता तो कागद. वहीचं एक आडवं पान घ्या, आठ उभे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात वरून खाली मेजर, माइनर, इतर, भाषा, कौशल्य, मूल्य असं लिहा आणि समोर क्रेडिट. खाली बेरीज, आणि तिच्याखाली आधीच्या सत्रांसकट एकूण बेरीज. दुसऱ्या सत्राखाली ४०, चौथ्याखाली ८०, सहाव्याखाली १२०, आठव्याखाली १६० यायला हवी. कुठे कमी पडलं तर ते आत्ताच दिसतं. पेपर राहिला तर त्याच्याभोवती लाल गोल करा. क्रेडिट पास झाल्यावरच खात्यात जमा होतं, परीक्षेला बसल्याने नाही.

मधे शिक्षण थांबवायची वेळ आलीच, घरची अडचण काय सांगून येते, तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी अनुक्रमे ४० आणि ८० क्रेडिट तर लागतातच, शिवाय उन्हाळ्यात चार क्रेडिटचा व्यवसायाभिमुख कोर्स करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळी पदवी सात वर्षांत पुरी करायची असते. हे सगळं क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात राहतं. तिथला तुमचा अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), आधार आणि दहावीचं मार्कलिस्ट यांतलं नाव एकसारखं हवं. आपल्याकडे कन्नडमधून इंग्रजीत उतरवलेल्या कागदांवर ‘पाटील’चं स्पेलिंग तीन तऱ्हांचं असतं. ते पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या.

चौथ्या सत्रानंतर पंचाहत्तरचा हिशेब

चौथ्या वर्षात दोन फाटे आहेत. साधं ऑनर्स, आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त लागतात. साध्या ऑनर्समध्ये १२ क्रेडिटच्या प्रकल्पाऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे तीन पेपर असतात.

७५ चा अंदाज चौथ्या सत्राच्या निकालावर घ्या. सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे धरले आणि चार सत्रांची सरासरी ७२ असली, तर सहा सत्रांना मिळून ४५० हवेत, हाताशी आहेत २८८. उरले १६२, म्हणजे पाचव्या-सहाव्या सत्रात ८१ ची सरासरी. कठीण आहे, पण होऊ शकतं. सरासरी ६८ असेल तर तेच ८९ होतं. तिथे साधं ऑनर्स किंवा तीन वर्षांनंतर दुसरीकडे मास्टर्स, असा विचार सुरू करावा. निकाल सीजीपीएमध्ये, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांत असेल तर तो टक्क्यांत कसा बदलायचा याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं असतं. मार्कलिस्टच्या मागे बघा. आणि लक्षात ठेवा, चार क्रेडिटच्या पेपरचं वजन दोन क्रेडिटच्या दुप्पट. मेजरच्या चार क्रेडिटमध्ये दहापैकी आठ मिळाले तर आठ चोक बत्तीस, कौशल्याच्या दोन क्रेडिटमध्ये दहापैकी दहा मिळाले तरी वीसच.

गाइड कोण आहे ते विचारा

संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक हवेत. ते नसतील तर प्रॉस्पेक्टसवर काहीही छापलेलं असो, चौथं वर्ष तिथे संशोधनाचं होणार नाही. प्रिन्सिपल सरांना तीन गोष्टी सरळ विचाराव्यात: या विषयाचं चौथं वर्ष गेल्या साली चाललं का, किती मुलं होती, गाइड कायम नोकरीवर आहेत का. विचारायला संकोच वाटत असेल तर पाचव्या सत्रातल्या सीनियरना कँटीनमध्ये विचारा, जास्त खरं उत्तर मिळेल.

बारा क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे क्रेडिटला ३० तास धरून ३६० तासांचं काम. सहावं सत्र संपतानाच गाइडशी बोलून विषय अरुंद करून ठेवा. ‘सीमाभागातील स्त्रिया’ हा विषय होत नाही. ‘निपाणीतल्या एका वाडीत विडी वळणाऱ्या बायकांची १९८१ नंतरची कमाई’ हा होतो. मुलाखती घ्यायच्या तर गणपतीआधी किंवा दिवाळीनंतर. मधल्या दिवसांत कुणाला सवड नसते.

ओलांडताना लागणारे कागद

बेळगाव जिल्ह्यातून पीयूसी, म्हणजे कर्नाटकाची बारावी करून शिवाजी विद्यापीठात जायचं तर टीसी, मायग्रेशन आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. पीयूसीचा निकाल सहसा महाराष्ट्राच्या बारावीआधी लागतो. ते दिवस हे कागद काढण्यात घालवा. कर्नाटकात राहायचं असेल तर पदवीचे प्रवेश राज्याच्या यूयूसीएमएस पोर्टलवरून होतात.

जातीच्या दाखल्याबद्दल गैरसमज फार. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३बी गटात येतो. तो दाखला महाराष्ट्रात तसाच चालेल असं धरू नका, आणि तिकडच्या सवलतीच्या भरवशावर इकडची जागा सोडू नका. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी तिकडच्या सीईटी प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. बी.ए., बी.एस्सी.ला त्या-त्या विद्यापीठाची काय सवलत चालू आहे ते प्रवेशाच्या वर्षीच, लेखी विचारावं.

कर्नाटकातली तीन वर्षांची पदवी घेऊन फक्त चौथं वर्ष महाराष्ट्रात करायचं, असा बेत काही जण आखतात. कागदावर क्रेडिट हलवता येतात. पण दोन्हीकडचे पेपर जुळतात का हे तिकडच्या विद्यापीठाने ठरवायचं असतं, आणि माइनरच जुळला नाही तर गाडं तिथेच अडतं. पाचव्या सत्रातच दोन्ही सिलॅबस जोडून लेखी विचारणा करा. सहाव्या सत्राच्या परीक्षेपर्यंत होकार आला नाही तर दोन वर्षांच्या एम.ए.चा फॉर्म भरून मोकळं व्हा.

आठव्या सत्राचं मार्कलिस्ट हातात आलं की कॉलेजच्या खिडकीवरच उभं राहून वाचा. मेजरचं नाव, माइनरचं नाव, संशोधन केलं असेल तर तसा उल्लेख, एकूण क्रेडिट आणि बँक ऑफ क्रेडिट्समधली तीच बेरीज. ‘संशोधनासह’ हा शब्द सुटला असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. पदवीचं प्रमाणपत्र एकदा छापलं की तीच दुरुस्ती विद्यापीठात खेटे घालून करून घ्यावी लागते.